चारशे सात ग्रॅम रांगोळी

फाल्गुनातला रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. जगदाळेकाकांच्या ओट्यावर त्यांचा छोटा वजनकाटा होता आणि त्यावर एक किलो एकशे चाळीस ग्रॅम पांढरी पूड भरली होती. हजर होतो आम्ही तिघे: काका, मी आणि माझी बायको मेधा. त्या पुडीत मीठ किती आणि रांगोळी किती, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. काकांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "सतीशराव, आकडा लक्षात ठेवा. माझ्या डोक्याचा आज मला भरवसा नाही."

मी कोयलीकडे एका कंपनीच्या पगारखात्यात आहे. आकडे लक्षात ठेवणे हे माझे रोजचे काम, त्याबद्दल कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. पण काकांनी दुसऱ्याच्या डोक्यावर आकडा सोपवला, असे मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणून तो लक्षात राहिला.

मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारे समोरासमोर आहेत, एक आमचे आणि एक जगदाळ्यांचे. काकांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार वाटणीत चुलत घराकडे गेली आणि ह्यांच्याकडे मिशा आल्या, असे मंगलकाकू म्हणायच्या. काका स्वतः एकतीस वर्षे नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. तयार माल शुद्ध आहे की नाही, हे सांगणारी शेवटची सही त्यांची असे. निवृत्त झाले तरी ती सही त्यांच्या नजरेत राहिली होती. दूध आले की ते पिशवी उजेडाकडे धरून बघायचे. गुळाचा खडा पाण्यात टाकून तळाशी काय बसते ते बघायचे. शर्टाच्या खिशाला कायम एक पेन आणि एक चमचा. चमचा कशाला, असे नवीन माणूस विचारायचा. जुनी माणसे विचारत नसत, कारण मग काका दाखवायचे.

कशात काही मिसळले की सोसायटीतली माणसे ते काकांकडे घेऊन जायची. तांदळात बोरिक पावडर जास्त पडली, रव्यात साखर सांडली, असल्या गोष्टी. काका प्रथम चिमूटभर नमुना काचेच्या ग्लासात टाकायचे, वर पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "आधी पाण्याला विचारा. ज्याला जायचंय ते पाण्याबरोबर जाईल. ज्याला नाही जायचं ते खाली बसेल. आपण मध्ये बोलायचं नाही."

आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी गणपतीच्या धांदलीत मेधाने साखरेच्या डब्यात मिठाची पाव किलोची अख्खी पिशवी ओतली. तीन किलो साखर होती. मी हिशेबी माणूस, माझा चेहरा पडला. मेधा डबा घेऊन समोर गेली. काकांनी ग्लास काढला, चिमूट टाकली, ढवळले. तळाशी काहीच उरले नाही. काका ग्लासाकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "हे माझ्याच्यानं होणार नाही. दोघांनाही पाणीच हवंय. कारखान्यात काहीतरी केलं असतं, घरात नाही सुटायचं हे." आतून काकू हात पुसत आल्या. त्यांनी डब्यात डोकावून विचारले, "लिंबं किती आहेत गं तुमच्याकडे?" त्या संध्याकाळी आरतीनंतर अख्ख्या सोसायटीने सरबत प्यायले आणि पुढे दहाही दिवस प्यायले. सेक्रेटरी हसमुखभाई दोन ग्लास पिऊन म्हणाले, "काका, शरबत तो फर्स्ट क्लास छे!" काकू म्हणाल्या, "एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली यांनी, आणि सुटका शेवटी लिंबानं केली." काका मिशीत हसले. बायकोने चारचौघांत टोमणा मारला की त्यांना बरे वाटायचे, हे त्या दिवशी मला कळले.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. कारखान्यात एकदा रात्रपाळीने दोन वेगवेगळ्या पावडरी एकाच पिंपात भरल्या. दोन्ही पांढऱ्या. साहेब म्हणाले, फेकून द्या. काका म्हणाले, थांबा. एक पावडर गार पाण्यात जात नव्हती, पण उकळत्या पाण्यात जात होती. दुसरी कशातच जात नव्हती. मग उकळते पाणी, गाळणे आणि गाळलेले पाणी गार होण्याची वाट बघणे. "आणि सतीशराव, ते पाणी जसं गार व्हायला लागलं..." इथे काका हात वर करायचे, बोटे पसरायचे, आणि नेमके तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "तशा सुया उगवल्या! चमकणाऱ्या! सांगून झालं असेल तर ताटं घ्या." ही गोष्ट मी काकांकडून कधीच शेवटपर्यंत ऐकली नाही. शेवट काकूंचाच असायचा.

त्या घरात दोन राज्ये होती. बाहेरच्या खोलीत काकांचे राज्य. तिथे प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि भरल्याची तारीख, खिळ्यांच्या डब्यांवरसुद्धा. स्वयंपाकघर काकूंचे. तिथे तीस-चाळीस डबे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. काकांनी एकदा लावून देतो म्हटले, तर काकू म्हणाल्या, "माझ्या हाताला कळतं. तुमच्या चिठ्ठ्या तुमच्यापाशी ठेवा. सगळं वेगळं करता येतं म्हणे यांना. स्वतःचा टॉवेल आणि माझा टॉवेल आजपर्यंत वेगळा करता आलेला नाही."

काकूंच्या दारातली रांगोळी हा आमच्या मजल्याचा दागिना होता. मधोमध कमळ आणि चारी बाजूंनी वर चढणारी वेल. रोज तीच, आणि रोज थोडी वेगळी. बाजारची रांगोळी त्यांना चालत नसे. छोटा उदेपूरकडे पांढऱ्या दगडाची पूड निघते. तिकडचा कोणी ओळखीचा आला की त्या मागवून घ्यायच्या, उन्हात वाळवायच्या, बारीक चाळणीने तीनदा चाळायच्या. दारात बसायच्या तेव्हा हातात नारळाची करवंटी असायची, तीत पुरेल एवढीच रांगोळी. बोटांतून ती अशी सुटायची की जणू धागाच सोडला आहे.

काका नोकरीत असताना कंपनीची बस पहाटे यायची. निवृत्तीनंतर त्याच वेळेला फिरायला जायचे. दोन्ही वेळा ते दाराबाहेर पडायचे तेव्हा रांगोळी काढून झालेली असायची आणि ते ती ओलांडून जायचे. काढताना त्यांनी कधी पाहिलेच नाही. हे त्यांनीच मला सांगितले, पण फार नंतर.

कार्तिकात काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेले, चौथ्या दिवशी घरी आणले ते तसेच. त्यांची एकुलती एक मुलगी वृंदा कॅनडात असते. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायलाही मनाई केली होती. आईचे शेवटचे दर्शन तिने मेधाच्या फोनवर घेतले. फोन मी धरला होता. वृंदा रडली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "बाबा, आईची रांगोळी असेल ना घरात? तिनं चाळलेली? ती कोणाला देऊ नका. मी येईन तेव्हा दारात मी काढीन. तिचा हात लागलेलं तेवढंच आहे." काका म्हणाले, "ठेवतो."

सुतक फिटल्यावर काकांनी रांगोळी शोधायला घेतली. देवाचे कपाट पाहिले, माळा पाहिला, खोक्यांतून पाहिले. करवंटी मिळाली, रिकामी. मेधाला त्यांनी विचारले नाही. आपल्याच घरातली वस्तू शेजारणीला विचारायची, याची त्यांना लाज वाटली असावी. वृंदाचा फोन आला की ती आठवणीने विचारायची आणि काका म्हणायचे, "असेल. आहे. सापडेल." एकदा फोन ठेवून मला म्हणाले, "तिनं ती संपवली असणार, सतीशराव. हे आता पोरीला कसं सांगू? तेवढंच तर मागितलंय तिनं. मेधालाही बोलू नका."

स्वयंपाक ते स्वतः करायचे. मेधाने डबा देते म्हटले, तर "शिकतो की, त्यात काय आहे? तापमान आणि वेळ" असे उत्तर. वरण, भात आणि एखादी भाजी. फाल्गुनात मेधा चार दिवस माहेरी गेली होती, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावले. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन लागले. दुसरा घास, पुन्हा तेच. मी भिडेने गिळत होतो. तिसऱ्या घासाला म्हटले, "काका, डाळीत रेती आहे का?"

"तुम्हालाही लागतंय?" काका एकदम म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "मला वाटलं माझ्या कवळीचा दोष. डाळ मी चार पाण्यांनी धुतो. तिच्या हातचं कधी असं लागायचं नाही, म्हणून म्हटलं, आपल्याला करताच येत नाही. मग तसंच खातो."

"किती दिवस?"

"असेल महिने तीन-साडेतीन."

ते खात असतानाच थांबले. खिशातला चमचा काढला. आधी भाताचा दाणा पाण्यात टाकला, मग डाळ, मग भाजीचा तुकडा. शेवटी उठून ओट्यावरून एक पसरट पितळी डबा आणला, त्यातले चमचाभर मीठ ग्लासात टाकले आणि ढवळले. पाणी दुधाळ झाले. आम्ही दोघे त्या ग्लासाकडे बघत बसलो. हळूहळू पाणी नितळ होत गेले आणि तळाशी पांढरा पातळ थर बसला.

"हे मीठ नाही," काका म्हणाले. मग स्वतःलाच दुरुस्त केले, "हे नुसतं मीठ नाही."

ते नुसते मीठ कसे राहिले नाही, याचा उलगडा त्यांनी स्वतःच केला. काकू गेल्यावर बरणीतले मीठ संपले. शेजारच्या पितळी डब्यात अर्ध्याला कमी अशी पांढरी बारीक पूड होती. बरणीशेजारी ठेवली आहे म्हणजे मीठच, असे समजून त्यांनी त्यावर एक किलोची नवी पिशवी ओतली. आणि मग झाकण लावून डबा खालीवर, खालीवर, चांगला हलवला. प्रयोगशाळेची शिस्त. जुन्यावर नवे भरले की एकजीव करून घ्यायचे, म्हणजे कुठूनही नमुना घेतला तरी सारखाच यावा. दुसऱ्या कोणी ओतले असते तर वर मीठ आणि खाली रांगोळी असे दोन थर राहिले असते आणि वरचे काढून घेता आले असते. काकांनी ते इतके नीट मिसळले होते की चिमटीत धरून वेगळे करणे शक्य नव्हते.

पण ती रांगोळी आहे, हे शुक्रवारी आम्हा दोघांनाही कळले नाही. दगडाची पूड, एवढेच काका म्हणत होते. कंपनीने मिठात भेसळ केली की काय, अशी शंका मीच काढली. शनिवारी मेधा आली. मी तिला हसत हसत सांगायला लागलो, तर ती डब्याकडे बघून जागच्या जागी थांबली. "अहो काका, हा काकूंचा रांगोळीचा डबा. यातूनच त्या करवंटी भरायच्या. मला यातूनच द्यायच्या."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी डबा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ती शोधत होतो मी. आणि तीच जेवत होतो."

मेधा म्हणाली, "काका, मांडवीच्या बाजारात मिळते तसलीच पांढरी. मी आणते ना. वृंदाला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना," काका म्हणाले. "मी कधी खोटा रिपोर्ट दिलेला नाही, मेधा. पोरीला पहिला देऊ?" आणि थोड्या वेळाने, "उद्या सकाळी दोघं या. आधी पाण्याला विचारू."

तर तो रविवार. काकांनी गणित मांडले. शंभर मिली पाण्यात साधारण छत्तीस ग्रॅम मीठ जाते, गरम पाणी घेतले तरी फार फरक पडत नाही. डब्यात सगळेच मीठ धरले तरी साडेतीन लिटर पुरे. "पण आपण काटकसर नाही करायची. तीन धुण्या देऊ." मोठ्या पातेल्यात पूड ओतली, वर पाणी घातले, काकूंच्या लांब डावाने ते ढवळत राहिले. आम्हाला हात लावू दिला नाही. पाणी ताकासारखे झाले. मग वाट बघणे. बारीक पूड लवकर बसेना. मेधा म्हणाली, "तुरटी फिरवू का? गढूळ पाण्यात आपण फिरवतो तशी?"

"नको. तिच्यात आता आणखी काही घालायचं नाही."

दुपारी वरचे पाणी नितळले. ते डावाने उचलून मलमलच्या दुहेरी कापडातून दुसऱ्या पातेल्यात गाळले. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे, पुन्हा वाट. तिसऱ्या धुणीचे पाणी काकांनी चमच्यात घेऊन चाखले आणि चमचा मला दिला. "तुम्ही बघा. माझ्या जिभेला आता या चवीची सवय झालीये." मला किंचित खारट लागले. त्यांनी चौथी धुणी दिली. त्या पाण्याला काहीच चव नव्हती. मेधाने चाखले, तिलाही नाही. काका म्हणाले, "म्हणजे पाण्यानं आपलं ते नेलं."

"आता पूर्ण वेगळं झालं?" मी विचारले.

"पूर्ण कधीच होत नाही, सतीशराव. एखादा कण राहतोच इकडचा तिकडे. एकतीस वर्षांत शंभर टक्के मी एकदाही लिहिलं नाही."

मिठाचे पाणी ओतून द्यायला निघालेल्या मेधाला त्यांनी थांबवले. दोन्ही हातात आल्याशिवाय वेगळे केले म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते पाणी त्यांनी मंद गॅसवर दोन दिवस आटवले. शेवटी शेवटी मीठ तडतडून अंगावर उडायला लागले, तेव्हा गॅस बंद करून ताटात पसरून उन्हात ठेवले. रांगोळी दुसऱ्या ताटात. गच्चीवर वारा होता. दोन्ही ताटांवर पातळ कापड बांधून काका टोपी घालून शेजारी खुर्चीवर बसून राहिले. हसमुखभाई वर पाण्याची टाकी बघायला आले आणि म्हणाले, "काका, पापड सूकवो छो?" काका म्हणाले, "हा, एवुंज कंईक." असेच काहीतरी.

रोज संध्याकाळी ते वजन करायचे. दोन दिवस वजन सारखे आले की मग वाळले म्हणायचे. पुढच्या शनिवारी ते थांबले. रांगोळीचे खडे झाले होते, ते बत्त्याने हलके फोडून काकूंच्या चाळणीने त्यांनी तीनदा चाळले. चारशे सात ग्रॅम भरली. मीठ सातशे अठरा. मी बेरीज केली. पंधरा ग्रॅमचा फरक येत होता.

"ती भांड्याला, कापडाला, वाऱ्याला," काका म्हणाले. मग पेन काढून हातावरच त्यांनी काही आकडेमोड केली. पिशवी एक किलोची, मिठातले उरले सातशे अठरा. तर बाकीच्या मिठाबरोबर रांगोळी किती गेली असेल? "एकशे साठच्या आसपास," ते म्हणाले. "तेवढी माझ्या पोटात गेली." आमच्याकडे न बघता त्यांनी तळहात पँटला पुसला.

पण वजन जमले म्हणून त्यांचे समाधान झाले नव्हते. त्यांनी करवंटीत थोडी रांगोळी घेऊन मेधापुढे धरली. "बोटांतून सुटते का बघ. भिजून वाळली की कधी कधी पूड चिकटून बसते. ती सुटली नाही तर वृंदाला उपयोग काय?" मेधाने चिमूट उचलली आणि ओट्याच्या काळ्या दगडावर एक रेघ सोडली. बारीक, न तुटलेली. काका वाकून त्या रेघेकडे बघत राहिले. "एवढी बारीक काढायची ती?" त्यांनी विचारले. "रोज?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितले, की रांगोळी काढताना त्यांनी काकूंना कधी पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्यांनी वृंदाला फोन लावला. तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. काकांनी सुरुवातीपासून सगळे सांगितले, काही लपवले नाही. डबा, पिशवी, हलवणे, डाळ. "चारशे सात ग्रॅम शिल्लक आहे, बाळा. एकशे साठ माझ्या हातून गेली. ती परत येणार नाही." मग वृंदा म्हणाली, "बाबा, तीन महिने तुम्ही कचकच खात होतात? आणि मला म्हणायचात, छान जेवतो?"

काका म्हणाले, "आता लागत नाही. आता छान आहे." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले.

त्यानंतर रात्रीचे जेवण त्यांनी आमच्याकडे घ्यायला सुरुवात केली. त्याच्या बदल्यात मेधाने रोज अर्धा तास त्यांच्याकडे जायचे, असे ठरले. काका एकेक डबा उघडायचे, बोटे आत घालायचे आणि ओळखायचे. "रवा. नाही, इडलीचा रवा." "भाजणी?" "थालीपिठाची की चकलीची, सांगा काका!" मेधा त्यांची परीक्षा घ्यायची. मी म्हटले, एवढे करण्यापेक्षा चिठ्ठ्या लावा, तुमचाच तर शोध. ते म्हणाले, "तिनं नव्हत्या लावल्या." उन्हाळा संपेपर्यंत डोळे मिटून त्यांना सगळे डबे येऊ लागले. एकदा म्हणाले, "हिचं घर मला आत्ता कळायला लागलंय, सतीशराव. बघा, कधी!"

वृंदाने दिवाळीच्या आधीची तिकिटे काढली होती. काकूंच्या वर्षश्राद्धाला ती इथे असणार होती. ते झाले की दारात रांगोळी निघणार होती. काकांनी रांगोळी पितळी डब्यात भरून वर करवंटी उपडी ठेवली होती आणि त्या डब्याला मात्र चिठ्ठी लावली होती. आटवलेल्या मिठाच्या बरणीलाही. ते मीठ त्यांनी वापरायला काढले नव्हते. त्या घरातल्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या त्या दोनच.

श्रावणात एका सकाळी त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी पडलेली दिसली. काका दूध इतका वेळ बाहेर ठेवणारे नव्हते. आमच्याकडे किल्ली होती. ते पलंगावर होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

वृंदा तिसऱ्या दिवशी पोचली, सात महिन्यांच्या मुलीला घेऊन. तोवर त्यांना शवागारात ठेवले होते. अग्नी तिनेच दिला. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली, पितळी डबा उघडला, आत पाहिले आणि झाकण लावले. सुतक होते. दारात रांगोळी काढता येणार नव्हती. ज्या रांगोळीसाठी बाबांनी एवढे केले, ती हातात असून तिला पुन्हा दिवस मोजत बसावे लागले. रोज ती डब्याशेजारी ओट्याला टेकून उभी राहायची. मेधा तिच्या मुलीला खांद्यावर घेऊन आमच्या घरात फिरवायची.

तेराव्याचे गोड जेवण झाले. गुरुजी म्हणाले, उद्यापासून दारात रांगोळी काढायला हरकत नाही. परतीचे विमान दुसऱ्याच रात्रीचे होते. वृंदाबरोबर आलेल्या तिच्या नवऱ्याची रजा संपत होती. घर विकायचे ठरले होते. मी म्हटले, थोडी उद्या काढ, बाकीची घेऊन जा. हसमुखभाई तिथेच होते. ते घाबरून म्हणाले, "बेन, एरपोर्ट पर धोळो पावडर जोशे तो पकडशे तमने!" विमानतळावर पांढरी पूड दिसली तर तिला धरतील, ही त्यांची भीती. आल्यापासून वृंदा पहिल्यांदा हसली. आणि मग हसता हसता भिंतीला धरून खाली बसली.

चौदाव्या दिवशी पहाटे ती करवंटी घेऊन दारात बसली. आम्ही आमच्या दारात उभे होतो. पहिली रेघ जाड आली आणि मध्येच तुटली. तिने ती पुसली. दुसरीही तुटली. मेधा पुढे झाली, पण वृंदाने मान हलवली. "आईशेजारी बसायचे मी. बघितलंय मी. येईल." तिसऱ्या वेळी कमळाची एक पाकळी जमली. मग ती थांबली नाही. कमळ झाले, वेल निघाली. वेल दारापाशी संपायला हवी होती, पण करवंटी रिकामी झाली की ती आत जाऊन पुन्हा भरून आणायची आणि वेल पुढे न्यायची. आमच्या दारापर्यंत आली, जिन्याच्या पायरीपर्यंत आली, लिफ्टला वळसा घालून परत गेली. शेवटी तिने डबाच आणून उपडा केला, तळ बोटाने पुसला आणि त्या बोटाने कमळाच्या मध्यावर एक ठिपका दिला. आत काही उरले नाही. चारशे सात ग्रॅममधला एक ग्रॅमही तिने मागे ठेवला नाही.

रात्री आम्ही त्यांना गाडीत बसवले. निघताना वृंदाने रिकामा डबा पिशवीत घातला आणि मिठाची बरणी मेधाच्या हातात दिली. "हे तुम्ही वापरा. बाबांनी दोन दिवस आटवलंय."

झाडणारी बाई आठवडाभर आमचा मजला कडेकडेने झाडत होती. रांगोळी मग माणसांच्या पायांनी आणि वाऱ्याने हळूहळू गेली. समोरचे घर विकले गेले. नवी माणसे चांगली आहेत.

तर हिशेब असा. रांगोळी चारशे सात ग्रॅम, वृंदाला पोचली. मीठ सातशे अठरा ग्रॅम, आमच्याकडे आले. मेधाने ते वेगळे ठेवले नाही. रोजच्या वरणाला तेच घेतले. परवा ते संपत आले होते. बरणीच्या तळाशी चमचाभर होते, ते तिने वरणात टाकले. जेवताना माझ्या दाताखाली एक कण आला. बारीकसा, कचकन. मेधा माझ्याकडे बघत होती. मी पाणी मागितले नाही. घास तसाच खाल्ला.